पानांतील हरितद्रव्य वेगळे काढण्याची पद्धत: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पालकाचे पान ॲसिटोनमध्ये वाटले की दोन-तीन मिनिटांत गर्द हिरवे द्रावण हाती येते, आणि पहिल्यांदा हा प्रयोग करणाऱ्याला काम संपले असे वाटते. पण हेच द्रावण खिडकीपाशी उन्हात ठेवले तर काही वेळात फिके पडते आणि त्यात आम्लाचा अंश शिरला तर ते शेवाळी तपकिरी होते. हरितद्रव्य पानातून बाहेर काढणे अवघड नसते. बाहेर काढलेले हरितद्रव्य जसेच्या तसे टिकवणे हेच खरे काम आहे. प्रयोगशाळेतील पुस्तिकांमध्ये कृती दिलेली असते, परंतु त्यातील प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे बहुधा सांगितलेले नसते; त्यामुळे विद्यार्थी एखादी पायरी गाळतात आणि शेवटी आकडे का चुकले याचा शोध घेत बसतात. पदवीच्या वर्गांत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा केवळ कुतूहल म्हणून हा प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी ही कृती कारणांसह लिहिली आहे.

१. आधी रेणू समजून घ्या

वनस्पतींमध्ये मुख्यतः दोन प्रकारची हरितद्रव्ये असतात: निळसर हिरवे क्लोरोफिल ए आणि पिवळसर हिरवे क्लोरोफिल बी. सर्वसाधारण हिरव्या पानात त्यांचे प्रमाण सुमारे तीनास एक असते. दोन्हींच्या रेणूत चार नायट्रोजन अणूंच्या कडीमध्ये मॅग्नेशियमचा एक अणू धरलेला असतो आणि त्या कडीला फायटॉल नावाची लांब, तेलकट शेपटी जोडलेली असते. ही शेपटी असल्यामुळेच हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून पालक नुसत्या पाण्यात वाटून गाळला की जे हिरवे पाणी मिळते ते खरे द्रावण नसून हरितलवकांचे तुकडे तरंगत असलेला गढूळ रस असतो. १८१७ साली पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी या द्रव्याला क्लोरोफिल हे नाव दिले, आणि वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी रिखार्ड विलश्टेटर यांना १९१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या रेणूचे चार शत्रू आहेत आणि पुढील सर्व पायऱ्या त्यांच्यापासून बचाव करण्यासाठीच आहेत.

आम्ल हा पहिला आणि सर्वांत मोठा शत्रू. आम्लाच्या संपर्कात कडीमधला मॅग्नेशियम निसटतो, त्याच्या जागी हायड्रोजनचे दोन अणू बसतात आणि फिओफायटिन हा करड्या-तपकिरी रंगाचा पदार्थ तयार होतो. चिंच घातलेल्या अळूच्या पातळ भाजीचा हिरवा रंग शिजताना शेवाळी होतो, तो याच कारणाने. दुसरा शत्रू म्हणजे प्रकाश. पानाबाहेर आलेले हरितद्रव्य प्रकाश आणि प्राणवायू यांच्या एकत्र परिणामाने विरंजित होते. तिसरा शत्रू उष्णता, जी बाकी सर्व विघटन वेगाने घडवून आणते. चौथा शत्रू पानातच दडलेला असतो: क्लोरोफिलेज हे विकर (एन्झाइम) फायटॉलची शेपटी तोडून टाकते आणि पाणीमिश्रित ॲसिटोनमध्येही ते काही काळ काम करत राहते.

२. पाने कोणती निवडावीत

पालक आणि मेथी ही नवख्यांसाठी सर्वांत चांगली पाने आहेत. ती मऊ असतात, लवकर वाटली जातात आणि बाजारात वर्षभर मिळतात. शेवग्याची कोवळी पाने आणि कोथिंबीरही चालते. पाने ताजी असावीत. पिवळी पडू लागलेली, डाग असलेली किंवा दोन दिवस पिशवीत घामेजलेली जुडी घेऊ नये, कारण पान वाळताना-कुजताना पेशींमधील आम्ल आणि विकरे हरितद्रव्यापर्यंत आधीच पोहोचलेली असतात.

पुढील पाने पहिल्या प्रयोगासाठी टाळावीत. चुका आणि अंबाडी ही आंबट पाने आहेत. वाटल्याबरोबर त्यांच्यातील आम्ल बाहेर येते आणि द्रावण तुमच्या डोळ्यांदेखत रंग बदलते. लाल माठात पाण्यात विरघळणारे तांबडे रंगद्रव्य असते, ते पाणीमिश्रित ॲसिटोनमध्ये उतरते आणि मोजमापात ढवळाढवळ करते. आंबा, वड, फणस यांची चामट पाने वाटायला कठीण जातात. अर्थात तुलना हाच तुमचा विषय असेल तर पालक आणि चुका शेजारी शेजारी घेऊन पाहण्याइतका बोलका प्रयोग दुसरा नाही, परंतु तो दुसऱ्या फेरीत करावा.

पालकातही ऑक्झॅलिक आम्ल असते, त्यामुळे पालक निवडला म्हणून आम्लाची काळजी संपत नाही.

३. साहित्य जमवा

कामाला सुरुवात केल्यावर साहित्य शोधायला वेळ मिळत नाही, म्हणून पुढील सर्व वस्तू आधीच टेबलावर असाव्यात.

- ॲसिटोन, प्रयोगशाळा दर्जाचे. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात रंग, सुगंध आणि तेल मिसळलेले असते, त्यामुळे तो चालत नाही.
- डिस्टिल्ड वॉटर.
- मॅग्नेशियम कार्बोनेट किंवा कॅल्शियम कार्बोनेट, चिमूटभर.
- धुऊन वाळवलेली बारीक वाळू.
- चिनी मातीचा खल आणि बत्ता.
- काचेचे नरसाळे, व्हॉटमन क्रमांक १ चा गाळण कागद, १०० मिलीचा व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क, मोजपात्र.
- ॲल्युमिनियम फॉइल आणि बर्फाचे भांडे.
- एक दशांश ग्रॅमपर्यंत किंवा त्याहून बारीक वजन दाखवणारा काटा.
- क्रोमॅटोग्राफीसाठी, म्हणजे रंगद्रव्ये वेगळी करण्यासाठी, पेट्रोलियम ईथर, उंच बरणी, केशनळी आणि पेन्सिल.
- डोळ्यांसाठी सुरक्षा चष्मा.

थर्माकोलचा पेला किंवा साधा पारदर्शक प्लास्टिकचा पेला ॲसिटोनच्या जवळपासही आणू नका. पॉलिस्टायरीन ॲसिटोनमध्ये विरघळते. सर्व भांडी काचेची किंवा चिनी मातीची असावीत. हातमोज्यांबाबतही एक गैरसमज आहे: निळे नायट्राइलचे मोजे ॲसिटोनला फार काळ अडवत नाहीत, म्हणून मोज्यावर द्रव सांडला की मोजा लगेच काढून हात धुवावा.

कागदपत्रांपैकी विक्रेत्याकडून ॲसिटोन आणि पेट्रोलियम ईथर यांची सुरक्षा माहितीपत्रके मागून घ्या आणि ती प्रयोगाच्या जागी ठेवा. शाळेतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांची लेखी परवानगी घेऊन, त्यांच्या उपस्थितीतच हे काम करावे. शुद्ध एथिल अल्कोहोल वापरायचे ठरवले तर त्यासाठी संस्थेकडे उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. म्हणून घरगुती प्रयोगासाठी औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल सोयीचे पडते. ते जितके कमी पाण्याचे असेल तितके चांगले. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन आणि घट्टपणा आणणारे पदार्थ असतात, त्यामुळे तो उपयोगाचा नाही.

४. जागा तयार करा

ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते आणि टेबलावरून, जमिनीवरून सरकत दूरच्या ज्योतीपर्यंत जाते. म्हणून खोलीत गॅस, बर्नर, उदबत्ती किंवा देवापुढचा दिवा यांपैकी काहीही पेटलेले नसावे आणि खिडक्या उघड्या असाव्यात. पाने वाटण्यासाठी स्वयंपाकघरातला मिक्सर वापरण्याचा मोह अनेकांना होतो. मिक्सरच्या मोटारीत ठिणग्या पडतात, त्यामुळे ॲसिटोन घातलेले भांडे मिक्सरवर कधीही लावू नये. घरच्या फ्रिजमध्येही ॲसिटोनचे द्रावण ठेवू नये, कारण त्यातील स्विचची ठिणगी साठलेल्या वाफेला पुरेशी असते. थंड ठेवण्यासाठी बर्फाचे भांडेच वापरावे.

उघडी खिडकी आणि उन्हापासून बचाव या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात असे वाटेल. खिडकी उघडी ठेवून काम तिच्यापासून दूर, खोलीच्या सावलीच्या बाजूला करावे आणि द्रावण जिथे जिथे थांबणार आहे ते प्रत्येक भांडे फॉइलमध्ये गुंडाळावे.

५. अर्क काढा

प्रथम ८० मिली ॲसिटोनमध्ये २० मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळून ८० टक्क्यांचे ॲसिटोन तयार करा आणि बाटली बर्फात ठेवा. इतके पाणी कशाला, असा प्रश्न पडेल. वाळलेल्या किंवा मऊ पेशींमधून हरितद्रव्य नीट सुटण्यासाठी थोडे पाणी उपयोगी पडते. शिवाय पुढे येणारी सूत्रे नेमक्या याच विद्रावकासाठी बसवलेली आहेत. विद्रावक बदलला की हरितद्रव्याच्या शोषणाची शिखरे, म्हणजे ज्या तरंगलांबींना ते सर्वाधिक प्रकाश शोषते त्या, सरकतात आणि सूत्रे लागू पडत नाहीत.

पाने धुऊन कापडाने नीट टिपून घ्या. देठ आणि मधली जाड शीर काढून टाका, कारण त्यांत वजन असते पण हरितद्रव्य फारसे नसते. उरलेल्या पात्यांचे बारीक तुकडे करून त्यातील १ ग्रॅम अचूक वजन करून खलात घ्या. टिपण्यात कुचराई झाली तर पानावरचे पाणी वजनात धरले जाते, आणि मग शेवटचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

आता खलात चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट टाका. कृतीतील सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारी पायरी हीच आहे, आणि तीच गाळू नये असे मी आग्रहाने सांगेन. पान चिरडताच पेशीतील रसकोशात साठलेली आम्ले मोकळी होतात आणि पहिल्या काही क्षणांतच हरितद्रव्यावर चाल करतात. ती आम्ले तिथल्या तिथे शमवणे हे या चिमटीचे काम. ती नंतर घालून उपयोग नाही, कारण निसटलेला मॅग्नेशियम या चिमटीने परत कडीत जाऊन बसत नाही.

पाठोपाठ थोडी वाळू आणि थंड ॲसिटोनचे सुमारे ५ मिली घाला व जोर लावून, पण पटापट वाटा. लगदा एकजीव झाला की आणखी १५ मिली ॲसिटोन घालून ढवळा आणि द्रव नरसाळ्यातील कागदावर ओता. फ्लास्कला फॉइल लावलेले असावे. खलातील चोथा पुन्हा थोडे ॲसिटोन घालून वाटा, पुन्हा गाळा. चोथा पांढुरका होईपर्यंत आणि कागदावरून उतरणारा थेंब रंगहीन होईपर्यंत हे करत राहा. शेवटी ८० टक्क्यांच्या ॲसिटोननेच द्रावण १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरा. चोथ्यात हिरवा रंग उरला असताना घाईने खूण गाठली, तर पुढचे सर्व गणित निरर्थक ठरते.

सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवून गाळ खाली बसवणारे यंत्र) उपलब्ध असेल तर गाळण्याऐवजी मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ५ मिनिटे फिरवणे अधिक चांगले; द्रावण जास्त स्वच्छ मिळते. नळ्या ॲसिटोनला टिकणाऱ्या असल्याची खात्री करून घ्यावी.

वाटणे शक्यच नसेल, किंवा एकाच वेळी पुष्कळ नमुने हाताळायचे असतील, तर डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये पानाचे तुकडे ६५ अंश सेल्सिअसला ठेवून अर्क काढण्याची हिस्कॉक्स आणि इस्राएलस्टॅम यांची १९७९ सालची पद्धत उपलब्ध आहे. हा द्रव त्वचेतून सहज आत शिरतो आणि आपल्याबरोबर इतर रसायनेही नेतो, त्यामुळे तो घरी वापरू नये.

६. अर्क चांगला आहे का, ते पाहा

यासाठी यंत्र लागत नाही. स्वच्छ काचेच्या नळीत अर्क घ्या आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर अतिनील टॉर्चचा प्रकाश टाका, म्हणजे नोटा तपासण्यासाठी वापरतात तसला. हिरवे द्रावण रक्तासारखे लाल चमकते. पानात असताना हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाकडे जाते. बाहेर काढल्यावर ती वाट बंद झाल्यामुळे तिचा बराच भाग लाल प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो.

तुलनेसाठी अर्काचे २ मिली वेगळ्या नळीत घेऊन त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. काही क्षणांत तो शेवाळी तपकिरी होईल. हा रंग नीट पाहून ठेवा. यापुढे तुमचा कोणताही अर्क या रंगाकडे झुकलेला दिसला, की आम्ल कुठून तरी आत आले आहे हे तुम्हाला लगेच ओळखता येईल.

७. रंगद्रव्ये वेगळी करा

अर्क एकजिनसी हिरवा दिसत असला तरी त्यात किमान चार रंगद्रव्ये असतात. ती वेगळी करण्याचे तंत्र, क्रोमॅटोग्राफी, मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांच्या अर्कावर काम करतानाच शोधले आणि १९०६ साली प्रसिद्ध केले; त्याने वापरलेल्या शोषकांमध्ये खडूची भुकटी होती.

या पायरीसाठी वेगळा, दाट अर्क लागतो: मूठभर पाने शुद्ध ॲसिटोनच्या अगदी थोड्या मिलीलिटरमध्ये वाटून घ्या. गाळण कागदाची लांब पट्टी कापा. खालच्या टोकापासून २ सेंटीमीटरवर पेन्सिलने रेघ मारा; पेनाची शाई विद्रावकाबरोबर वर चढते. रेघेच्या मध्यावर केशनळीने अर्काचा बारीक थेंब ठेवा, वाळू द्या, त्याच जागी पुन्हा ठेवा. ठिपका गर्द पण लहान राहिला पाहिजे. इथे वेळ द्यावा, कारण ठिपका पसरला की पट्टेही पसरतात आणि एकमेकांत मिसळतात.

बरणीत पेट्रोलियम ईथर आणि ॲसिटोन यांचे ९ : १ मिश्रण १ सेंटीमीटर उंचीपर्यंत घाला, झाकण लावून बरणी वाफेने भरू द्या आणि मग पट्टी अशी टांगा की टोक बुडेल पण ठिपका वर राहील. पेट्रोलियम ईथरऐवजी पंपावरचे पेट्रोल वापरणे सर्वथा चूक आहे. त्यात बेंझिनसारखे विषारी घटक असतात. विद्रावक वरच्या टोकाजवळ पोहोचला की पट्टी काढून त्याची सीमा पेन्सिलने लगेच आखा, कारण तो क्षणात उडून जातो. पट्ट्यांच्या कडाही तेव्हाच आखून घ्या.

सर्वांत वर नारिंगी-पिवळे कॅरोटीन दिसेल. त्याखाली पिवळे झँथोफिल, मग निळसर हिरवे क्लोरोफिल ए आणि सर्वांत खाली पिवळसर हिरवे क्लोरोफिल बी. कॅरोटीनच्या खाली करडा पट्टा दिसला तर तो फिओफायटिनचा आहे, म्हणजे पाचव्या पायरीत कुठेतरी आम्लाला वाव मिळाला. कागदाऐवजी सिलिकाची पातळ थराची पाटी वापरली तर झँथोफिल हरितद्रव्यांच्या खाली जाते. पुस्तकातील आकृतीशी क्रम जुळला नाही म्हणून गोंधळून जाऊ नका.

८. प्रमाण मोजा

यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते हे मोजणारे यंत्र, लागतो. यंत्रात अर्क ठेवण्याचा छोटा चौकोनी पेला (क्युव्हेट) काचेचा किंवा क्वार्ट्झचा घ्यावा. स्वस्त पारदर्शक क्युव्हेट बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात आणि ॲसिटोनने ते दुधी होतात. ८० टक्क्यांच्या ॲसिटोनने यंत्र शून्यावर आणा आणि सर्वांत आधी ७५० नॅनोमीटरला वाचन घ्या. तिथे हरितद्रव्य जवळजवळ काहीच शोषत नाही. वाचन शून्याच्या आसपास नसेल तर द्रावण गढूळ आहे, ते पुन्हा गाळा. त्यानंतर ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरला शोषण मोजा. ६६३ चे वाचन साधारण ०.२ ते ०.८ यांच्या दरम्यान असावे. जास्त आल्यास अर्क विरल करून ते प्रमाण गणितात धरावे.

डॅनियल आर्नन यांनी १९४९ साली दिलेली सूत्रे आजही बहुतेक महाविद्यालयांत वापरली जातात. उत्तर दर लिटरला मिलीग्रॅममध्ये मिळते:

क्लोरोफिल ए = (१२.७ × ६६३ चे शोषण) − (२.६९ × ६४५ चे शोषण)
क्लोरोफिल बी = (२२.९ × ६४५ चे शोषण) − (४.६८ × ६६३ चे शोषण)

समजा ६६३ ला ०.७२ आणि ६४५ ला ०.२८ आले. मग क्लोरोफिल ए ८.३९, क्लोरोफिल बी ३.०४ आणि दोन्ही मिळून ११.४३ मिलीग्रॅम प्रति लिटर होते. आपला अर्क १०० मिली, म्हणजे लिटरचा दहावा भाग आहे आणि पान १ ग्रॅम. म्हणून ताज्या पानाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये १.१४ मिलीग्रॅम हरितद्रव्य आहे. ए आणि बी यांचे गुणोत्तर २.७६ येते, जे निरोगी पानाला साजेसे आहे. हे गुणोत्तर अगदीच विचित्र आले तर यंत्राच्या तरंगलांबीची तपासणी करावी, कारण ही शिखरे अरुंद असतात आणि दोन-तीन नॅनोमीटरच्या सरकण्यानेही उत्तर बिघडते.

संशोधन निबंधासाठी काम करत असाल तर पोरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दिलेली सुधारित सूत्रे वापरावीत, असे माझे मत आहे. त्यांनी शोषणाचे गुणांक नव्याने मोजले आणि ६६३.६ व ६४६.६ नॅनोमीटर या तरंगलांबी घेतल्या. कोणती सूत्रे वापरली हे मात्र न चुकता लिहावे. दोन वेगळ्या सूत्रांनी काढलेल्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

९. खाण्यासाठी हिरवा रंग हवा असेल तर

वरील कोणताही अर्क खाण्यायोग्य नाही; ॲसिटोन उडवून टाकल्यानंतरही नाही. स्वयंपाकासाठी विद्रावकाशिवायची वाट आहे. पालक पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळा आणि तो रस मंद आचेवर सतत ढवळत सुमारे ७० अंशांपर्यंत तापवा. नासलेल्या दुधासारखा हिरवा चोथा वर येऊ लागला की लगेच आच बंद करून तो मलमलच्या फडक्यात गाळून घ्या. रसातील प्रथिने गोठताना हरितलवकांचे तुकडे आपल्याबरोबर बांधून आणतात, त्यामुळे हा घट्ट रंग मिळतो. पुऱ्यांच्या कणकेत किंवा शेवयांच्या पिठात तो छान उतरतो. त्यात लिंबू, दही किंवा आमसूल पडले की तो शेवाळी होणारच. खायचा सोडा घातल्याने हिरवेपणा टिकतो हे खरे, परंतु त्याने चव बिघडते आणि क जीवनसत्त्व नष्ट होते.

१०. नोंद आणि विल्हेवाट

प्रत्येक बाटलीवर वनस्पतीचे नाव, पानाचे वजन, विद्रावक, एकूण आकारमान, तारीख आणि वेळ लिहा. मोजमाप त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात उरकावे.

उरलेले ॲसिटोन आणि पेट्रोलियम ईथर मोरीत ओतू नये. महाविद्यालयात सेंद्रिय विद्रावकांच्या टाकाऊ बाटलीत ते जमा करावे. त्या बाटलीत क्लोरोफॉर्म, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ब्लीच आधी ओतलेले नाही याची चिठ्ठी वाचून खात्री करावी, कारण ॲसिटोनबरोबर त्यांची धोकादायक अभिक्रिया होते. गाळलेला चोथा आणि वापरलेले कागद सावलीत, उघड्यावर, ज्योतीपासून दूर पूर्ण वाळू द्यावेत आणि वास पूर्णपणे गेल्यानंतरच कचऱ्यात टाकावेत.